टामिया हॉर्नेट (१९८४): माळ्यावरची जुनी आरसी गाडी परत पळवायचीय

तळेगावकर

मंडळी, आरसीच्या (रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या) जुन्या धाग्यावर मी सहज उल्लेख केला आणि बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, म्हणून हा वेगळा धागाच काढतोय.

गाडी टामियाची द हॉर्नेट, किट नंबर ५८०४५, १९८४ सालचं मॉडेल, १/१० स्केल, मागच्या चाकांना ड्राइव्ह. काका मर्चंट नेव्हीत होते, त्यांनी जपानमध्ये कोबेला घेतली होती. त्या काळी आपल्याकडे असल्या वस्तू दुकानात दिसायच्याच नाहीत, जहाजावरचे लोक आणायचे नाहीतर गल्फवाले नातेवाईक. नंतर ती रत्नागिरीच्या घरी माळ्यावर मूळ खोक्यात पडून होती आणि आता काकांनी माझ्या हवाली केलीय.

अवस्था सांगतो. चासी म्हणजे तो काळा एबीएस प्लॅस्टिकचा टब शाबूत आहे, पुढच्या बाजूला एक बारीक तडा आहे फक्त. खारी हवा असल्यामुळे झाडून सगळे स्क्रू गंजलेत. निकॅड (निकेल-कॅडमियम) बॅटरीतून पांढरी-हिरवी बुरशीसारखी पावडर बाहेर आलीय. टायर दगड झालेत. पॉलिकार्बोनेटच्या बॉडीला आतून साधा ऑइलपेंट मारलेला होता (तो काकांनीच बोटीवर मारलेला) त्याचे आता पापुद्रे निघतायत. रिमोट दोन स्टिकवाला २७ मेगाहर्ट्झचा, त्याच्या सेलच्या कप्प्यातपण गंज आहे. मोटार मॅब्युचीची ५४०, हाताने फिरवली तर फिरते.

माझं म्हणणं आधीच स्पष्ट सांगतो म्हणजे पुढे वाद नको. गाडी पळवायची आहे, शोकेसमध्ये ठेवायची नाहीये. पण जे काही बदल करेन ते सगळे उद्या उलटे करता आले पाहिजेत, मूळ भागाला एकही नवं भोक पाडायचं नाही, एकही वायर कापायची नाही, काढलेला प्रत्येक भाग पिशवीत नाव लिहून ठेवायचा. या अटीत बसेल ते सगळं कस्टम करायला मी तयार आहे.

सूचना येऊद्यात.

फौंड्रीवाला

नाद खुळा भावा!! फोटो टाक की आधी. आणि स्क्रूला हात लावायच्या आधी थांब जरा, पेचकस कुठला वापरतोयस ते सांग.

तळेगावकर

साधा फिलिप्सच आहे घरात, अजून खोललं नाहीये काही.

फौंड्रीवाला

मग खोलूच नकोस त्यानं. जपानी स्क्रू जेआयएसचे (जपानी औद्योगिक मानकाचे) असतात, दिसायला फिलिप्ससारखेच प्लस असतात पण खाच वेगळी, फिलिप्स त्यात पूर्ण तळापर्यंत बसत नाही आणि जोर लावला की वर चढून येतो आणि डोकं खातो. गंजलेल्या स्क्रूचं तर एका झटक्यात वाटोळं. आरएक्स १०० नाहीतर जुनी हिरो होंडा उघडणाऱ्या कुठल्याही चांगल्या मिस्त्रीला विचार, कार्ब्युरेटरचे स्क्रू काढताना तो हेच सांगंल. जेआयएसचा पेचकस ऑनलाइन मिळतो, एक नंबर आणि दोन नंबर दोन्ही घेऊन ठेव.

जे स्क्रू हलत नाहीत त्यांच्या डोक्यावर तापलेली सोल्डरिंग आयर्न टेकव थोडा वेळ. हे सेल्फ टॅपिंग स्क्रू थेट प्लॅस्टिकमध्ये आटे पाडून बसलेले असतात, गरम झाला की भोवतीचं प्लॅस्टिक किंचित सैल होतं आणि स्क्रू सुटतो. लई वेळ नको धरू, नाहीतर आटेच वितळतील.

आणि परत बसवताना सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्क्रू आधी उलटा फिरवायचा, बोटाला टक् असं जाणवंल, म्हणजे तो जुन्या आट्यात बसला, मग सुलटा पिळायचा. नाहीतर प्रत्येक वेळी नवे आटे पडतात आणि पाचसहा वेळा खोलली की भोक मोकळं. नवीन स्क्रू स्टेनलेसचे घे, तीन एमएमचे, हार्डवेअरवाल्याकडं सेल्फ टॅपिंग मिळतात.

सोल्डरगन

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल मी लिहितो.

१. खोक्यात जपानचा चार्जर असेल तर तो आपल्या प्लगमध्ये अजिबात लावू नका. तिकडे घरगुती वीज १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. धूर निघेल. आठवण म्हणून ठेवा.

२. निकॅड सेल गेलेत, ते जिवंत करायच्या भानगडीत पडू नका. बाहेर आलेली पावडर अल्कली आहे, हातमोजे घाला, कापसाच्या बोळ्याने पांढरं व्हिनेगर लावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं करा. रिमोटच्या सेलच्या पट्ट्यांनाही हेच. मेलेला पॅक कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, कॅडमियम विषारी असतं, ई-कचरा संकलनात द्या.

३. मोटारीच्या टर्मिनलवर १०४ लिहिलेले छोटे सिरॅमिक कपॅसिटर आहेत का बघा, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. ब्रशच्या ठिणग्यांमुळे रेडिओत जो खरखराट येतो तो ते दाबतात, आणि २७ मेगाहर्ट्झच्या एएम सेटला हा त्रास फार. नसतील तर तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळतील, तीन लावतात, एक दोन टर्मिनलच्या मध्ये आणि दोन टर्मिनलपासून मोटारीच्या पत्र्याला.

४. मूळ स्पीड कंट्रोलर मेकॅनिकल असणार. म्हणजे एक सर्वो (रिमोटच्या हुकमाने फिरणारी छोटी मोटार) एका हाताला फिरवतो आणि तो हात तांब्याच्या पट्ट्यांवर सरकतो, हळू वेगात जास्तीची वीज रेझिस्टरमध्ये उष्णता म्हणून जाते, फुल्ल दाबलं की बॅटरी थेट मोटारीला. साधी आणि सुंदर रचना आहे. पण बॅटरीचा बराच भाग नुसता तापण्यात जातो आणि पट्ट्या काळ्या पडतात.

तळेगावकर

धन्यवाद दोघांनाही, हे सगळं सोनं आहे माझ्यासाठी.

सोल्डरगन, मला तो मेकॅनिकल कंट्रोलर ठेवूनसुद्धा नवा २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट लावता येईल का? टप्पे बदलतानाचा टकटक आवाज काकांना अजून आठवतो.

सोल्डरगन

येईल ना. नव्या रिसीव्हरला फक्त वीज वेगळी द्यावी लागते. हल्लीचा ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर) रिसीव्हरला आपणहून पाच-सहा व्होल्ट देतो, मेकॅनिकल कंट्रोलर देत नाही, त्यामुळे एक छोटा वेगळा बीईसी (व्होल्टेज कमी करणारं सर्किट) घ्या, तो मुख्य बॅटरीवरून रिसीव्हरला वीज देईल. जोडायला दोन टोकांचं एक्स्टेन्शन बनवा म्हणजे मूळ वायर कापावी लागणार नाही.

एक धोका मात्र आहे, जुना सर्वो नव्या रिसीव्हरला लावण्याआधी वायरींचा क्रम तपासा. आजच्या सर्वोंमध्ये पॉझिटिव्ह मधे असते. काही जुन्या कंपन्यांच्या सर्वोंमध्ये क्रम वेगळा होता आणि तसाच खुपसला तर सर्वो तरी जातो नाहीतर रिसीव्हर. मल्टीमीटर धरा, अंदाजावर जाऊ नका.

संग्राहक

मी वेगळं मत मांडतो, राग नसावा. १९८४ ची, मूळ खोक्यासकट, एकाच घरात राहिलेली हॉर्नेट आपल्या देशात किती असतील? टामियाने २००४ मध्ये हॉर्नेट पुन्हा काढली आहे, ती घ्या आणि हवी तेवढी पळवा. ही स्वच्छ करून काचेत ठेवा. एकदा चासी फुटली की ती १९८४ ची चासी परत येत नाही. बाहेरच्या संग्राहकांमध्ये मूळ डेकल (स्टिकर), मूळ टायर, मॅन्युअल, खोक्यातले पुठ्ठ्याचे कप्पे या सगळ्याला किंमत आहे आणि ते एकदा विस्कटलं की संपलं.

तळेगावकर

राग कसला, तुमचं म्हणणं मी खूप विचार करून वाचलं.

पण २००४ च्या त्याच री-रिलीजमुळेच तर मला ही पळवता येतेय! गिअर, टायर, बॉडी, पुढचे आर्म सगळं नवीन मिळतं आणि मुळात बसतं. म्हणजे झिजणारे, फुटणारे भाग मी नवे लावणार आणि जुने तसेच जपणार. चासी मूळ राहील हे खरं, आणि त्यात जोखीम आहे हेही मान्य. तरी ही वस्तू काकांनी पळवायला आणली होती, पगारातून पैसे साठवून, आणि बंदरात बोट लागली की धक्क्यावर पळवायचे ते. तिचा अर्थ मला तिच्या हालचालीत दिसतो. काचेत ठेवलेली गाडी काका बघतील आणि पाच मिनिटांनी बाजूला होतील.

खोका, मॅन्युअल, पुठ्ठे यांना मी हात लावणार नाही, तुमच्या सांगण्यावरून आता आम्लविरहित कागदात गुंडाळून ठेवतोय.

संग्राहक

हे ऐकून बरं वाटलं. मग एक करा, खोलण्याआधी प्रत्येक बाजूचे फोटो काढा, वायर कुठून गेलीय त्याचेसुद्धा. आणि टायर रिमवरून आत्ताच उतरवा, जुनं रबर कडक होताना रिमच्या प्लॅस्टिकला चिकटतं आणि नंतर दोन्ही खराब होतात. इथून पुढे गाडी नेहमी स्टँडवर, चाकं अधांतरी.

रंगपेटी

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत)! मी स्केल मॉडेल रंगवते, आरसी नाही, पण रंगाचं सांगू शकते आणि यात बऱ्याच लोकांचा गोंधळ होतो म्हणून सविस्तरच लिहिते.

हॉर्नेटची बॉडी पॉलिकार्बोनेट आहे आणि तिचीच बहीण ग्रासहॉपर, तिची बॉडी कडक प्लॅस्टिकची. दोघींचा रंग वेगळा. पॉलिकार्बोनेट आतून रंगवायचं, टामियाचे पीएस मालिकेचे स्प्रे त्याच्यासाठी असतात. कडक प्लॅस्टिक बाहेरून, टीएस मालिकेचे स्प्रे. टीएस पॉलिकार्बोनेटवर मारला की पहिल्या धडकेत पोपडे उडतात कारण तो रंग वाकत नाही, आणि तुमच्या काकांच्या ऑइलपेंटचं तेच झालंय.

आतून रंगवायचं म्हणजे क्रम उलटा होतो हे लक्षात ठेवा. बाहेरून जे सगळ्यात वर दिसायला हवं ते आधी. पट्टे आधी, मूळ रंग नंतर, पण पट्टा फिकट असेल तर गडद रंग आधी फिकट नंतर, शेवटी पांढऱ्याचा हात पाठीमागे दिला की रंग खुलतो. बॉडी आधी भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात धुवा, वाळवा, मग आत बोट लावू नका. पातळ हात मारा, एकाच वेळी जाड मारला तर ओघळ येतात. बाहेरच्या बाजूची संरक्षक फिल्म सगळ्यात शेवटी काढा. आणि पावसाळ्यात मारू नका, हवेत दमटपणा असला की रंग दुधाळ होतो.

जुन्या बॉडीवरचा रंग काढायला अ‍ॅसिटोन किंवा थिनर नको!! पॉलिकार्बोनेट पांढुरकं होऊन तडकतं. पण मी तर म्हणेन काढूच नका. काकांच्या हाताचा ब्रश आहे तो.

तळेगावकर

रंगपेटी ताई, शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. ती बॉडी आहे तशी राहणार, पापुद्रे पडू नयेत म्हणून फक्त हलक्या ब्रशने धूळ काढून खोक्यात. पळवायला नवीन री-रिलीज बॉडी घेतोय.

आता तिला रंग कुठला? मूळ खोक्यावरचा काळा सगळेच करतात. माझ्या डोक्यात एसटी आहे, आपली लाल परी. लाल बॉडी, बाजूने पिवळा पट्टा. काका सुट्टीवर आले की मुंबईहून रत्नागिरीला एसटीनेच यायचे.

रंगपेटी

लाल पिवळा एकदम भारी दिसेल! पण मग क्रम नीट पाळा, पिवळा पट्टा मास्किंग टेप लावून वेगळा सोडा, आधी लाल मारा, लाल वाळला की टेप काढून पिवळा, आणि सगळ्याच्या पाठीमागे पांढरा. पिवळा आधी मारून वर लाल मारला आणि कुठे पातळ राहिला तर आतून लाल झाक दिसते.

अक्षरं रंगवत बसू नका. नंबरप्लेटवाला रेडियमवाला असतो ना, त्याला कॉम्प्युटरवर डिझाइन द्या, तो विनाइल कापून देईल, अगदी बारीक. बाहेरून चिकटवायचं, काढताही येतं.

पांढरे भाग पिवळे पडलेत का? पडले असतील तर ब्यूटी पार्लरच्या सामानाच्या दुकानात केसांसाठीचं पेरॉक्साइड क्रीम मिळतं, ४० व्हॉल्यूम म्हणजे १२ टक्के. ते भागांवर लावून वर क्लिंग फिल्म गुंडाळून उन्हात ठेवा, मध्येमध्ये बघत राहा आणि क्रीम सुकू देऊ नका, नाहीतर डाग पडतात. हातमोजे आणि चष्मा हवाच.

हामामात्सुकर

वाखू (वाचनखूण) साठवली. मी जपानात हामामात्सुत राहतो, शिझुओका प्रांतातच, टामियाचं मुख्यालय शिझुओका शहरात आहे त्यामुळे इकडे हा विषय निघाला की गप्पा थांबत नाहीत. एक तर या शहरात टामिया एकटी नाही, आओशिमा, फुजिमी या मॉडेल कंपन्याही इथल्याच, आणि हासेगावा शेजारच्या याइझूची. लाकूडकामाची जुनी परंपरा आहे. टामियासुद्धा १९४६ मध्ये लाकडाची गिरणी म्हणून सुरू झाली, मग लाकडी मॉडेल, आणि पहिलं प्लॅस्टिक किट १९६० मध्ये, यामातो युद्धनौकेचं.

टामियाच्या आरसी गाड्यांची सुरुवात १९७६ च्या पोर्शे ९३४ पासून. त्या मॉडेलसाठी शुनसाकू टामिया (संस्थापकांचे चिरंजीव) यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन पूर्ण खोलून बघितली होती. मला ही गोष्ट फार आवडते, कारण खोलून बघितल्याशिवाय नीट समजत नाही हेच तर आपण सगळे इथे करतोय. १९७९ मध्ये सँड स्कॉर्चर आणि रफ रायडर आल्या, त्या बग्ग्यांनी गाडी डांबरावरून मातीत उतरवली, १९८३ ला फ्रॉग, १९८४ ला ग्रासहॉपर आणि हॉर्नेट, १९८५ ला हॉटशॉट, टामियाची पहिली चारही चाकं चालणारी बग्गी. हॉर्नेट आणि ग्रासहॉपरची चासी तीच, पण ग्रासहॉपरला लहान ३८० मोटार आणि हॉर्नेटला मोठी ५४०, शिवाय मागे ऑइल डॅम्पर (तेल भरलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर). म्हणूनच ती पोरांच्या बजेटमध्ये बसून जोरात पळायची.

कधी इकडे आलात तर मे महिन्यात या, शिझुओकाला हॉबी शो भरतो. काही भाग हवे असतील तर सांगा, इथल्या सेकंडहँड दुकानांत जंक म्हणून टोपल्याच्या टोपल्या असतात.

डॅलसवासी

मस्त धागा. इकडच्या बाजूने एक भर. १९८४ लाच अमेरिकेत असोसिएटेड कंपनीची आरसी१० आली, अ‍ॅल्युमिनियम टब आणि चारी बाजूंना स्वतंत्र सस्पेन्शन, आणि १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात डेल मारला झालेल्या पहिल्या १/१० ऑफरोड जागतिक स्पर्धेत टू व्हील ड्राइव्हमध्ये तीच जिंकली, जे हाल्सी चालवत होता. त्यामुळे शर्यतीच्या नजरेने बघाल तर हॉर्नेट मागे पडते. तिचा मागचा अ‍ॅक्सल सलग आहे, गिअरबॉक्स आणि मोटार दोन्ही त्या अ‍ॅक्सलबरोबरच वरखाली होतात, एवढं वजन स्प्रिंगच्या खालच्या बाजूला आलं की खडबडीत जागी मागचा भाग उड्या मारतो. सगळे तिला उड्या मारणारी गाडी म्हणूनच ओळखतात. कस्टम करताना तो स्वभाव घालवायच्या मागे लागू नका. मागे जाड तेल भरून ती शांत होत नाही, उलट जास्त आपटते.

तळेगावकर

हामामात्सुकर, डॅलसवासी, अशा माहितीसाठीच धागा काढला. अपडेट देतो.

जेआयएस पेचकस आला, सोल्डरिंग आयर्नची युक्ती अप्रतिम चालली, एकाही स्क्रूचं डोकं गेलं नाही. फौंड्रीवाले, तुमच्या नावाने चहा प्यायलो.

गिअरबॉक्स उघडला. आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट होऊन दातांच्या मध्ये बसलं होतं. रॉकेलने न धुता आयसोप्रोपिल आणि जुन्या टूथब्रशने काढलं, कारण कुठल्या प्लॅस्टिकला काय चालतं याची खात्री नसेल तर सौम्य तेच बरं. दात सगळे शाबूत, डिफही (डिफरन्शियल) मोकळा फिरतो. जिथे बुश होते तिथे बॉल बेअरिंग लावतोय, बहुतेक ठिकाणी ११ बाय ५ बाय ४ चे बसतात, टामियावाले त्यालाच ११५० म्हणतात. बेअरिंगच्या दुकानात सांगताना आतला व्यास ५, बाहेरचा ११, जाडी ४ असं सांगा, दोन्ही बाजूंना रबर सील मागा, धुळीत तेच टिकतं. जुने बुश पिशवीत.

चासीचा तडा एबीएसनेच जोडला. किटच्या फ्रेमचे एबीएसचे तुकडे थोड्या अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून दाट पेस्ट केली आणि आतल्या बाजूने भरली. अ‍ॅसिटोन दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक वितळवून एकजीव करतो, नुसत्या अरल्डाइटपेक्षा हा जोड मला जास्त भरवशाचा वाटतो. बाहेरून दिसतही नाही. (पण हे एबीएसलाच! नायलॉनच्या भागाला ही पेस्ट धरत नाही आणि पॉलिकार्बोनेटजवळ अ‍ॅसिटोन आणूच नका, रंगपेटी ताईंनी सांगितलंय.)

मोटारीच्या दोन्ही टोकांच्या बुशला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, कॉम्युटेटर साफ, आणि तीन व्होल्टवर थोडा वेळ हळू फिरवली. आवाज एकदम स्वच्छ आहे, चाळीस वर्षांच्या मोटारीचा असा आवाज ऐकून अंगावर काटा आला.

प्रश्न दोन. डॅम्परला तेल कुठलं, आणि बॅटरी लिपो (लिथियम पॉलिमर) घ्यावी का?

फौंड्रीवाला

तेल सिलिकॉनचंच पाहिजे, मशीनचं तेल टाकलंस तर ओ-रिंग फुगते. ओ-रिंग आधी नव्या घाल, जुन्या कडक झालेल्याच असणार. टामियाचं पिवळं तेल ४०० नंबरचं असतं. ते इथं नाही मिळालं तर केमिकलवाल्याकडं जा आणि डायमेथिकॉन ३५० माग, साबण शाम्पू बनवणारे नेतात ते, शुद्ध सिलिकॉन तेल असतं आणि दाटपणा ३५० सेंटीस्टोक्स. भरपूर येतं, आयुष्यभर पुरंल.

भरताना दांडा हळूहळू वरखाली करून बुडबुडे काढ, मगच झाकण.

सोल्डरगन

लिपो नको असं मी म्हणेन, तुमच्या अटींमुळेच. चौकोनी कडांचे बरेच लिपो पॅक या जुन्या गोल कडांच्या कप्प्यात अडतात आणि मग लोक चासी कानस मारून मोठी करतात. ७.२ व्होल्टचा सहा सेलचा एनआयएमएच (निकेल-मेटल हायड्राइड) स्टिक पॅक घ्या, ३००० एमएएचचा असला तर पुष्कळ. कनेक्टर मूळचा पांढरा टामियावालाच राहूद्यात, ५४० मोटारीला तो पुरतो.

कोणी लिपो वापरतच असेल तर ईएससीचा जंपर लिपोवर आहे ना हे बघा, सेल तीन व्होल्टच्या खाली गेला की गेला.

ब्रशलेस मोटारीचा विचार मनात असेल तर सोडून द्या. प्लॅस्टिक गिअर आणि हा डिफ तेवढा टॉर्क झेलायला बनलेले नाहीत. जास्त वेग हवाच असेल तर टामियाची स्पोर्ट ट्यून्ड मोटार लावा, तीही ५४० मापाचीच, त्याच जागी बसते.

तळेगावकर

ठरलं. मूळ मोटार, एनआयएमएच पॅक, २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट. मेकॅनिकल कंट्रोलर आणि ब्रशवाला ईएससी दोन्हीची सोय ठेवतोय. ईएससी डबल टेपने चिकटवलाय, त्यामुळे मूळ कंट्रोलरची जागा तशीच मोकळी आहे आणि काका येतील तेव्हा बीईसी लावून टकटकवाला बसवणार. सर्वोच्या वायरी मल्टीमीटरने तपासल्या, मधली पॉझिटिव्हच निघाली.

टायर री-रिलीजचे, मागचे काटेवाले आणि पुढचे रेघांचे. बॉडी लाल, पट्टा पिवळा, रेडियमवाल्याकडून गावाच्या पाटीसारखी 'मुंबई - रत्नागिरी' पाटी कापून घेतली आणि पुढे लावली. फोटो टाकलेत वर.

रंगपेटी

अहाहा, पट्ट्याची कड काय सुरेख आलीय. पाटी तर कळसच.

संग्राहक

मान्य करतो, सुंदर झालीय. पिशव्यांवर नावं लिहिलेला फोटो बघून जास्त आनंद झाला. नुसतं नाव नको, कुठल्या बाजूचा भाग आणि काढल्याची तारीखही टाका.

तळेगावकर

टाकतो, चांगली सूचना.

काल कॉलेजच्या मैदानावर पळवली. मुरूम आहे, थोडी खडी. डॅलसवासी म्हणाले तशी मागून उड्या मारते, वळणावर गॅस सोडला की मागचा भाग बाहेर येतो आणि परत दिला की सरळ होते, दोन-चार वळणांत बोटांना ते कळायला लागतं आणि मग सोडवत नाही. स्टीअरिंग थोडं ढिलं वाटलं, मूळ सर्वो सेव्हर (धक्क्यापासून सर्वोला वाचवणारा भाग) मऊ आहे. एक कडक सर्वो सेव्हर त्याच सर्वोवर बसतो, तो मागवलाय, भोक वगैरे काही लागत नाही. पुढच्या बाजूला ऑइल डॅम्पर लावायचा सल्ला दोघांनी व्यनित दिला, पण ज्या किट मी बघितल्या त्यांना चासीत भोकं पाडावी लागतात, त्यामुळे पुढे मूळचे स्प्रिंगवालेच राहतील.

परत आल्यावर कोरड्या ब्रशने धूळ झाडली, पाणी नाही मारलं.

नवखा_८२

खूप छान धागा, सगळा एका बैठकीत वाचला. माझ्याकडे मस्कतहून आलेली ग्रासहॉपर आहे, मूळ ३८० मोटार जळलीय. त्यात ५४० बसेल का? आणि बॉडीवरचा जुना रंग काढायचाय, तो बाहेरून मारलेला आहे.

तळेगावकर

बसेल. गिअरबॉक्स तोच आहे, ३८० साठी जो प्लॅस्टिकचा अडॅप्टर आहे तो काढला की त्या जागी ५४० बसते. अडॅप्टर आणि जळलेली मोटार दोन्ही टाकू नका. एक मात्र बघा, ग्रासहॉपरला मागे ऑइल डॅम्पर नाहीत, ५४० लावल्यावर ती हॉर्नेटपेक्षा जास्त उडेल, तेव्हा सुरुवातीला मोकळ्या जागी आणि हळू.

रंगाचं रंगपेटी ताई सांगतील, पण तुमची बॉडी कडक प्लॅस्टिकची आहे तेव्हा थिनर नको.

रंगपेटी

थिनर नको, अ‍ॅसिटोन नको. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवा झाकण लावून, अधूनमधून मऊ टूथब्रश. त्याने नाही निघाला तर डॉट ३ ब्रेक ऑइल, हातमोजे घालून, आणि नंतर लिक्विड सोपने दोनदा धुवायचं. आधी आतल्या बाजूला न दिसणाऱ्या कोपऱ्यावर थोडं लावून बघा. स्टिकर मूळचे असतील तर त्या भागाला काहीच लावू नका, आणि फोटो टाका, मग पुढचं सांगते.